जुना प्रिंटर शेअर करू नका, त्याला स्वतःचा पत्ता द्या

कोल्हापुरात शाहू मार्केट यार्डातली गुळाची अडत घ्या, उद्यमनगरातलं जॉबवर्कचं वर्कशॉप घ्या, नाहीतर लक्ष्मीपुरीतलं ठोक दुकान. टेबलावरचं चित्र साधारण एकच असतं. एका कोपऱ्यात विंडोज एक्सपीवर चालणारा कॉम्प्युटर, त्यात फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस भाषेत लिहून घेतलेलं हिशेबाचं पॅकेज आणि शेजारी शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या हिशेबाचे कागद) किंवा चलनं छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. समोरच्या टेबलावर विंडोज १० किंवा ११, कारण जीएसटी पोर्टल, ई-वे बिल आणि बँकेचं काम एक्सपीच्या ब्राउझरमध्ये होत नाही. तीन प्रती कार्बनवर लागतात म्हणून डॉट मॅट्रिक्स हलत नाही, आणि सगळी जुनी खाती त्या पॅकेजमध्ये आहेत म्हणून एक्सपीही हलत नाही. असा सेटअप चुकीचा आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. तो नीट चालवता येतो. फक्त जोडायची पद्धत बदलावी लागते.

या लेखात कमांड आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजीतच करायची.

शेअरिंग का तुटतं

एक्सपीला जोडलेला प्रिंटर ‘शेअर’ केला की दुसऱ्या मशीनवरून तो एसएमबी नावाच्या प्रोटोकॉलने दिसतो. एक्सपीला त्याची फक्त पहिली आवृत्ती येते, एसएमबी१. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ च्या ऑक्टोबरपासून, नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी१ मुळात घातलेला नसतो किंवा वापरला नाही तर आपोआप निघून जातो. कारणही तसंच आहे: त्याच वर्षीच्या मे महिन्यात वॉनाक्राय याच एसएमबी१ मधल्या छिद्रातून जगभर पसरला होता. म्हणजे विंडोज १० च्या मशीनला एक्सपी नीट दिसत नाही यात बिघाड काहीच नाही. दोघं एकमेकांची भाषा बोलत नाहीत, इतकंच.

यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन’मध्ये जाऊन एसएमबी१ ला टिक करणं. चालतं, पण माझा त्याला ठाम विरोध आहे. ज्या मशीनवर बँकेचं लॉगिन आहे, डिजिटल सही आहे, तेच मशीन एका प्रिंटरसाठी २०१७ च्या मागे नेऊन ठेवायचं हा सौदा तोट्याचा आहे. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. विंडोज १० चाही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे पुढची मशीन विंडोज ११ ची येणार आणि ती शेअरिंगच्या बाबतीत आणखी कडक आहेत. आज खटपट करून जोडलेलं शेअरिंग पुढच्या अपडेटला पुन्हा तुटतं.

त्यापेक्षा जुन्यातली जुनी, साधी आणि दोघांनाही येणारी भाषा वापरावी. प्रिंटिंगसाठी अशा दोन आहेत. पहिली ‘रॉ’: प्रिंटरच्या ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या त्या क्रमांकाच्या दारातून, डेटा सरळ ओतायचा. दुसरी एलपीआर, पोर्ट ५१५, मुळात युनिक्सची. एक्सपी, विंडोज ७, १०, ११ आणि लिनक्स या सगळ्यांना दोन्ही येतात. पासवर्ड नाही, वर्कग्रुप नाही, ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ नाही.

आधी वायर, मग पत्ता, मग बाकीचं

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्यात अर्धा दिवस जातो आणि दोष निघतो स्विचच्या अडॅप्टरमध्ये. म्हणून खालून वर यायचं. पोर्टवरचा दिवा लागतो का? प्रिंटरला लॅनवर जोडणाऱ्या जुन्या प्रिंट सर्व्हर पेट्यांपैकी काही, उदाहरणार्थ एचपीची जेटडायरेक्ट १७०एक्स, फक्त १० मेगाबिटवर चालतात. नव्या राउटरवरचे काही २.५ गिगाबिटचे पोर्ट १० मेगाबिट ओळखतच नाहीत, दिवाच लागत नाही. मध्ये साधा १००चा स्विच टाकला की काम होतं. वर्कशॉपमध्ये लॅनची वायर थ्री फेजच्या केबलला बांधून नेलेली असेल तर आधी ती वेगळी करा. लॅन वायर १०० मीटरपर्यंत नेता येते, यूएसबी ५ मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. त्यामुळे प्रिंटर शेडच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा असेल तर यूएसबीला एक्स्टेंशन जोडत बसू नका.

मग पत्ता. वीज गेली, राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद पडले, परत आल्यावर राउटरने प्रिंटरला वेगळाच आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) दिला आणि विंडोज जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसलं. ‘काल चालत होता, आज ऑफलाइन’ या तक्रारीचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल आणि तो आपोआप १०० ते १९९ वाटत असेल, तर प्रिंटरला १९२.१६८.१.५०, एक्सपीला १९२.१६८.१.२० असे त्या पट्ट्याबाहेरचे कायमचे पत्ते द्या. पत्ते कागदावर लिहून प्रिंटरच्या मागे चिकटवा.

एक्सपीला पत्ता देताना सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० भरा, पण ‘डिफॉल्ट गेटवे’ आणि डीएनएसचे रकाने मुद्दाम रिकामे ठेवा. त्यामुळे ते मशीन ऑफिसमधल्या प्रिंटरशी बोलतं, इंटरनेटवर मात्र जाऊ शकत नाही. एक्सपी चालू ठेवायचंच असेल तर एवढं कराच.

कार्यालयात फायबरवाल्याचा एक राउटर आणि आधीचा आपला एक, असे दोन असतील तर अर्धी मशीन १९२.१६८.०.च्या आणि अर्धी १९२.१६८.१.च्या घरात जातात. दुसऱ्या राउटरची पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्याच्या घरातला, पण पट्ट्याबाहेरचा ठेवा आणि वायर त्याच्या वॅन पोर्टमधून काढून लॅन पोर्टमध्ये घाला. मोबाइलसाठी दिलेल्या ‘गेस्ट’ वायफायवर लॅपटॉप असेल तर तिथून प्रिंटर दिसत नाही, कारण गेस्ट नेटवर्क त्याचसाठी वेगळं ठेवलेलं असतं.

आता पिंग, म्हणजे ‘पिंग’ कमांडने त्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का पाहणं. प्रिंटरला पिंग लागत नसेल तर वायर किंवा पत्ता चुकलेला आहे, पुढे जाऊ नका. कॉम्प्युटरला पिंग लागत नसेल तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, फायरवॉल पिंग अडवतं. खरी परीक्षा पोर्टची. एक्सपीत टेलनेट असतंच: ‘टेलनेट १९२.१६८.१.५० ९१००’ असं टाइप करून एंटर करा. पडदा काळा झाला म्हणजे दार उघडं आहे. आता चार अक्षरं लिहून एंटर दाबा. समोर डॉट मॅट्रिक्स असेल तर हेड सरकतं आणि तीच चार अक्षरं कागदावर उमटतात. एवढं झालं की वायर, पत्ता, पेटी आणि प्रिंटर हे चारही निर्दोष ठरले. उरलेला दोष विंडोजच्या आतला आहे. विंडोज १० मध्ये टेलनेट आधी चालू करावं लागतं. त्याऐवजी पॉवरशेलमधली ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ कमांड पत्ता आणि पोर्ट देऊन वापरता येते.

डॉट मॅट्रिक्सला स्वतःचा पत्ता

एप्सन एलक्यू-३१०, एलएक्स-३१०, टीव्हीएसचे एमएसपी या सगळ्यांच्या मागे ३६ पिनांचा पॅरलल पोर्ट असतो. त्यात थेट बसणारी छोटी प्रिंट सर्व्हर पेटी मिळते, एका बाजूला पॅरलल, दुसऱ्या बाजूला लॅन. जुनी चालेल. पेटीचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून कायमचा आयपी द्या आणि त्याच पानावर एलपीआर क्यूचं (छपाईच्या रांगेचं) नाव पाहून ठेवा. अनेक पेट्यांत ते एलपी१ असतं, जेटडायरेक्टमध्ये रॉ. तीन पोर्टच्या जेटडायरेक्टमध्ये रॉ१, रॉ२, रॉ३ आणि पोर्ट ९१००, ९१०१, ९१०२ असे जातात.

विंडोज १० वर प्रिंटर जोडताना आपोआप सापडलेला घेऊ नका. तो बहुधा डब्ल्यूएसडी या आपोआप शोध घेणाऱ्या पोर्टवर बसतो आणि पुढे विनाकारण ऑफलाइन दाखवतो. ‘द प्रिंटर दॅट आय वॉन्ट इझन्ट लिस्टेड’, मग टीसीपी/आयपी पत्त्याने जोडणं, ‘क्वेरी द प्रिंटर’ची टिक काढायची, पुढे ‘कस्टम’ निवडून सेटिंग्जमध्ये रॉ आणि ९१००, किंवा एलपीआर आणि क्यूचं नाव. एलपीआर घेतलं तर ‘एलपीआर बाइट काउंटिंग एनेबल्ड’ टिक करा. काही पेट्या फाइलचा आकार आधी कळल्याशिवाय छपाई स्वीकारत नाहीत. खाली ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ असतं, ती टिक काढाच. जुनी पेटी एसएनएमपीला, म्हणजे प्रिंटरची स्थिती विचारणाऱ्या हाकेला, उत्तर देत नाही आणि विंडोज समजतं की प्रिंटर बंद आहे. प्रिंटर चालू, पिंग चालू आणि तरी ऑफलाइन, याचं कारण बऱ्याचदा ही एक टिक असते.

एक्सपीवर हाच रस्ता, पण सुरुवातीला ‘नेटवर्क प्रिंटर’ न निवडता ‘लोकल प्रिंटर’ निवडायचा, ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट’ची टिक काढायची आणि ‘क्रिएट अ न्यू पोर्ट’मध्ये ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ घ्यायचा. नाव लोकल असलं तरी जातं नेटवर्कवरूनच.

ही पेटी भिंतीवर जरा उंच ठोका, स्विच आणि यूपीएसही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या दुकानांत पाणी शिरलं होतं हे इथल्या कुणाला वेगळं सांगायला नको.

पेटी नसेल तर एक्सपीलाच एलपीडी करा

हा उपाय फार कमी लोक वापरतात आणि मला तो सगळ्यात आवडतो, कारण यात एक पैसाही जात नाही. एक्सपीच्या सीडीतच युनिक्ससाठीची प्रिंट सेवा आहे, एलपीआरने आलेली छपाई स्वीकारणारी; तिलाच एलपीडी म्हणतात. ‘अॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स’, ‘विंडोज कंपोनंट्स’, ‘अदर नेटवर्क फाइल अँड प्रिंट सर्व्हिसेस’, त्यात ‘प्रिंट सर्व्हिसेस फॉर युनिक्स’. सीडी किंवा तिचं आय३८६ फोल्डर मागेल. नंतर सर्व्हिसेसमध्ये ‘टीसीपी/आयपी प्रिंट सर्व्हर’ सुरू आहे आणि ‘ऑटोमॅटिक’वर आहे हे पाहा. फायरवॉलच्या ‘एक्सेप्शन्स’मध्ये टीसीपी ५१५ पोर्ट जोडा आणि ‘स्कोप’मध्ये फक्त आपलं नेटवर्क ठेवा.

प्रिंटरचं नाव छोटं करा, मधे जागा नको: उदाहरणार्थ एलक्यू. शेअरचं नावही तेच ठेवा. आता विंडोज १० वर वर सांगितल्याप्रमाणे टीसीपी/आयपी पोर्ट, पत्ता एक्सपीचा, प्रोटोकॉल एलपीआर, क्यू एलक्यू. एसएमबी१ ला हात न लावता नव्या मशीनची छपाई जुन्या मशीनच्या प्रिंटरवर येते. ड्रायव्हर नव्या मशीनवर नव्याचाच बसतो, त्यामुळे एक्सपी ३२ बिट आणि विंडोज ६४ बिट हा नेहमीचा झगडाही उरत नाही. लिनक्सचं मशीन असेल तर कप्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या छपाई व्यवस्थेत, एलपीडी निवडून हाच पत्ता द्यायचा. विंडोजवरून कमांडने फाइल पाठवत असाल तर एलपीआर कमांडला ‘-ओ एल’ जोडा, नाहीतर ग्राफिकची फाइल साधा मजकूर समजली जाते आणि पानभर कचरा छापला जातो.

अडचण एकच, एक्सपी बंद तर सगळ्यांची छपाई बंद. या वयाच्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असली की वीज जाऊन आल्यावर मशीन ‘एफ१ दाबा’ म्हणून काळ्या पडद्यावर थांबून राहतं आणि समोरच्या टेबलावर प्रिंटर ऑफलाइन दिसतो. बॅटरी स्वस्त आहे, आधीच बदला.

डॉसमधलं पॅकेज

फॉक्सप्रो डॉसला विंडोजचे प्रिंटर माहीत नाहीत. त्याला एलपीटी१, म्हणजे मशीनचा पहिला पॅरलल पोर्ट, हवा असतो. एक्सपीवर प्रिंटर यूएसबीने किंवा यूएसबी-पॅरलल केबलने जोडला की पोर्ट यूएसबी००१ होतो आणि पॅकेज मोकळ्या एलपीटी१ वर छापत राहतं. उपाय: प्रिंटर एक्सपीवरच शेअर करा आणि त्याच मशीनवर ‘नेट यूज एलपीटी१ \\मशीनचंनाव\एलक्यू /पर्सिस्टंट:येस’ द्या. इथलं शेअरिंग मशीनच्या आतल्या आत आहे, म्हणून ते चालेल. शेअरचं नाव आठ अक्षरांच्या आत ठेवा. मशीनला खरा एलपीटी१ असेल तर तो बायोसमधून बंद करा किंवा पॅकेजमध्ये एलपीटी२ निवडा. लॅनची वायर निघाली की ही जोडणी तुटते, तेव्हा एकट्या मशीनवर ‘मायक्रोसॉफ्ट लूपबॅक अडॅप्टर’ हे नावापुरतं नेटवर्क कार्ड घालून ठेवा.

पॅकेज बंद केल्यावरच छपाई येते ही तक्रार असेल, तर पॅकेज पोर्ट सोडत नाही. एक्सपी काही सेकंद वाट पाहून काम आपणहून पुढे ढकलतं. रजिस्ट्रीत ‘करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, डब्ल्यूओडब्ल्यू’ इथे ‘एलपीटी_टाइमआउट’ आहे, मुळात १५. तो ३ वर आणून पाहा. फार कमी केला तर लांब पट्टी मध्येच तुटून दोन कामं होतात.

६४ बिट विंडोजवर १६ बिटचं डॉस पॅकेज चालतच नाही. तिथे वीडॉस किंवा डॉसबॉक्स-एक्स असा डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम लागतो आणि एलपीटी१ कुठे न्यायचा ते त्यांच्या कॉन्फिग फाइलमध्ये ठरतं.

लेसरजेट १०२० ची गोष्ट निराळी

एचपी लेसरजेट १०१८, १०२०, पी१००७, पी१००८ हे प्रिंटर कोल्हापुरात अजून भरपूर आहेत आणि कागद छान ओढतात. पण त्यांना स्वतःची अक्कल नाही. पान रंगवण्याचं सगळं काम कॉम्प्युटर करतो. शिवाय त्यांचं फर्मवेअर प्रिंटरमध्ये साठत नाही. प्रत्येक वेळी चालू केल्यावर ड्रायव्हर ते यूएसबीवरून पाठवतो, त्यानंतरच प्रिंटर खऱ्या अर्थाने जागा होतो. म्हणून साध्या यूएसबी प्रिंट सर्व्हर पेटीवर हे चालत नाहीत. पेटीला पत्ता मिळतो, पिंग लागतो, काम जातं आणि कागद येत नाही. राउटरच्या यूएसबी पोर्टचंही तेच. डॉसमधून तर यांच्यावर एक अक्षरही उमटणार नाही.

इथे मध्ये एक कॉम्प्युटर हवाच. जुनंच मशीन घ्या, त्यावर लिनक्स आणि कप्स घाला, एचपीलिप (एचपीचे लिनक्ससाठीचे ड्रायव्हर) आणि त्याचं प्लगइन बसवा, कप्समध्ये प्रिंटर ‘शेअर’ करा. एक्सपीवरून तो एसएमबीशिवाय जोडता येतो: प्रिंटर जोडताना इंटरनेटवरच्या प्रिंटरचा पर्याय निवडून ‘एचटीटीपी://पत्ता:६३१/प्रिंटर्स/क्यूचंनाव’ द्यायचं आणि ड्रायव्हर पोस्टस्क्रिप्ट ही पान मांडायची भाषा बोलणाऱ्या एखाद्या लेसरचा निवडायचा. कप्स ते पोस्टस्क्रिप्ट १०२० ला समजेल असं करून देतं.

शेअरिंग करावंच लागलं तर

विंडोज ७ आणि १० मध्ये एसएमबी२ चालतो, तेव्हा तिथे शेअरिंग शक्य आहे. एररचा आकडा नीट वाचा. ‘नेट व्ह्यू \\मशीन’ला ५३ आला तर नाव किंवा रस्ता सापडत नाही, नावाऐवजी पत्ता देऊन पाहा. ५ म्हणजे परवानगी नाही. १३२६ म्हणजे नाव-पासवर्ड जुळत नाही. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही, म्हणून दोन्हीकडे एकाच नावाचं, एकाच पासवर्डचं खातं करा.

आकड्याच्या शेवटी ११बी असलेला एरर २०२१ च्या सप्टेंबरमधल्या अपडेटपासून आला. प्रिंटर ज्या मशीनला आहे त्या मशीनच्या रजिस्ट्रीत ‘आरपीसीऑथनलेव्हलप्रायव्हसीएनेबल्ड’ शून्य केल्यावर तो जातो, पण मग एक सुरक्षेचं कुलूपही निघतं. विंडोज ११ च्या २२एच२ पासून दिसणारा ७०९ हा विंडोजने ‘नेम्ड पाइप’ ही छपाईच्या संपर्काची जुनी पद्धत सोडल्यामुळे येतो. दोन्हींवर माझं उत्तर एकच: पोर्ट ९१०० किंवा एलपीआर.

छपाई अडकून राहिली तर ‘नेट स्टॉप स्पूलर’, मग सिस्टम३२ च्या स्पूलमधल्या प्रिंटर्स फोल्डरमधल्या सगळ्या फाइली काढायच्या, मग ‘नेट स्टार्ट स्पूलर’. पानाच्या डोक्यावर ‘@पीजेएल’ किंवा ‘%!पीएस-अडोबी’ अशी ओळ छापली जात असेल तर ड्रायव्हर दुसऱ्याच जातीच्या प्रिंटरचा बसला आहे. मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येत असतील तर ‘जेनेरिक टेक्स्ट ओन्ली’ ड्रायव्हर आहे, त्याला देवनागरी येत नाही.

पट्टी वर सरकते

सगळं जुळलं, छपाई येते, पण प्रत्येक पानाला मजकूर थोडा वर चढतो. दहावं पान येईपर्यंत शेतकऱ्याचं नाव छिद्रांच्या रेघेच्या पलीकडे, आधीच्या पट्टीवर गेलेलं असतं. कागद १२ इंची आणि ड्रायव्हरमध्ये ए४, म्हणजे ११.६९ इंच. फरक ०.३१ इंचाचा, सहा ओळींच्या इंचात जवळजवळ दोन ओळी. दहाव्या पानाला तो पावणेतीन इंच होतो. ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’मध्ये नवा फॉर्म करा, रुंदी १० इंच, उंची १२, अर्ध्या कागदाला ६. टीसीपी/आयपी पोर्टने जोडलं असेल तर फॉर्म प्रत्येक मशीनवर वेगळा करावा लागतो, कारण पान तिथलाच ड्रायव्हर मांडतो. डॉस पॅकेजमध्ये हीच लांबी ओळींत द्यायची, १२ इंचाला ७२, ६ इंचाला ३६. आणि कागद लावताना फाडायची रेघ हेडच्या कुठे येते तिथे प्रिंटरच्या झाकणावर पेनने खूण करून ठेवा. पावसाळ्यात कागद ओल धरून ट्रॅक्टरवर (प्रिंटरच्या कागद ओढणाऱ्या दात्यांवर) ओढ घेतो, तेव्हा सरकलंय ते सेटिंग की कागद हे त्या खुणेवरून लगेच कळतं.